वाचकांचे प्रश्न : चौदा पावसाळे उभी राहिलेली मस्टँग

मागील अंकात जुन्या मोटारींच्या घरगुती दुरुस्तीविषयी पत्रे मागवली होती. आलेल्या पत्रांपैकी शिवाजी पार्कहून आलेल्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यातील गाडी दुर्मीळ असली तरी अडचणी मुंबईतल्या कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडणाऱ्या आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : परदेशी वकिलातींतील गाड्या पूर्वी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्या काळात माझ्या वडिलांनी १९६६ सालची फोर्ड मस्टँग घेतली होती. इंजिन २८९ क्युबिक इंचांचे, व्ही-८ आहे. वडील गेल्यापासून चौदा वर्षे गाडी इमारतीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. पुतण्याने नवी बॅटरी आणली आहे आणि तो म्हणतो, ‘काका, एक सेल्फ मारून बघू.’ मी त्याला थांबवून आपल्याला लिहीत आहे. घरच्या घरी यातले किती काम करता येईल? (शिवाजी पार्क, दादर)

उत्तर : पुतण्याला थांबवलेत हे फार चांगले केलेत. चौदा वर्षे न फिरलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असू शकतात, व्हॉल्व्हच्या दांड्या जुन्या पेट्रोलच्या रोगणासारख्या थरामुळे गाइडमध्ये अडकलेल्या असू शकतात आणि बेअरिंगवरचे तेल तर केव्हाच खाली उतरलेले असते. सेल्फची मोटर यातले काहीच ओळखत नाही. ती सगळा जोर लावते, अडकलेल्या व्हॉल्व्हखालची पुशरॉड वाकते आणि दोन हजारांत उरकणारे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते.

कामाला हात घालण्याआधी गाडीची ओळख पटवून घ्यावी. बॉनेट उघडल्यावर डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, मडगार्डच्या खाचेत, गाडीचा क्रमांक ठोकलेला दिसेल. त्यातील पहिला अंक ६ असेल तर गाडी १९६६ सालची, आणि पाचवे अक्षर इंजिनाचे असते : ‘सी’ म्हणजे दोन नळ्यांच्या कार्बुरेटरचे २०० अश्वशक्तीचे, ‘ए’ म्हणजे चार नळ्यांचे २२५ अश्वशक्तीचे आणि ‘के’ म्हणजे २७१ अश्वशक्तीचे इंजिन. ‘के’ निघाले तर कृपया काहीही न उघडता आधी मला पुन्हा पत्र लिहावे. (या गाडीला ‘मसल कार’, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणावे की ‘पोनी कार’, म्हणजे आटोपशीर शौकाची गाडी, यावर अमेरिकेतले शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात. आपल्या शेडमध्ये उभी असलेली गाडी दोन्ही नावांनी सारखीच गंजते.)

आता प्रत्यक्ष काम. अमेरिकी गाडीला इंची पाने लागतात. घरातला मिलिमीटरचा संच वापरून नटांचे कोपरे गोल करू नयेत. आठही प्लग काढून क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवावेत, कारण प्रत्येक प्लगचे टोक त्या सिलिंडरची हकिकत सांगते. फोर्डमध्ये समोरून मागे मोजताना १ ते ४ हे सिलिंडर गाडीच्या उजव्या बाजूला आणि ५ ते ८ डाव्या बाजूला येतात. शेव्हरोलेची मोजणी वेगळी असल्याने एखादा अनुभवी मिस्त्रीही येथे फसतो. प्लगच्या प्रत्येक छिद्रात दोन-तीन चमचे पातळ तेल सोडावे. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण यासाठी उत्तम चालते, मात्र ते बंद जागेत व आगीजवळ हाताळू नये. चार-पाच दिवस थांबावे. त्यानंतर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या बोल्टला पाना लावून, समोर उभे राहून, घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवून पाहावे. इंजिन अडले तर पान्याला पाइप जोडून जोर लावण्याचा मोह आवरावा, पुन्हा तेल सोडावे आणि आणखी आठवडाभर वाट पाहावी. इंजिन सुटले की वरची दोन्ही झाकणे काढून क्रँकचे पूर्ण दोन फेरे द्यावेत आणि सोळाही व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतात का, हे एकेक करून डोळ्यांनी पाहावे.

या इंजिनाची एक सोय फार सुरेख आहे. तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) खालून जाणाऱ्या षटकोनी दांडीने फिरतो. त्यामुळे जुने तेल व फिल्टर बदलून (फिल्टरसह सुमारे पावणेपाच लिटर तेल लागते) पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या बिंदूवर आणावा, रोटरची दिशा खुणेने टिपून ठेवावी, डिस्ट्रिब्युटर अलगद वर उचलावा आणि त्या दांडीला ड्रिल मशीन लावून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावे. उचलताना घाई केली तर दांडी डिस्ट्रिब्युटरसोबत वर येऊन सुटते आणि थेट तेलाच्या टाकीत पडते, मग ती टाकी उतरवल्याशिवाय गत्यंतर नसते. ड्रिल प्रथम हलके फिरेल. काही सेकंदांनी ते एकदम जड झाल्याचे हाताला जाणवेल, तो क्षण तेलाचा दाब तयार झाल्याचा. थोड्या वेळाने रॉकरवर पुशरॉडच्या टोकातून तेल पाझरू लागेल. क्रँक थोडा-थोडा फिरवून हे पुन्हा करावे, म्हणजे सोळाही ठिकाणी तेल पोहोचेल. कार्यशाळेत लाखाची यंत्रे असलेले मिस्त्रीही पुष्कळदा हे करत नाहीत, आणि घरी निवांत काम करणाऱ्याला ते सहज जमते.

पेट्रोलच्या टाकीचा भरवसा धरू नये. या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिक्कीचा तळ असतो. वरचा गालिचा उचलून पाहिल्यास गंज लगेच दिसेल. पहिल्यांदा इंजिन चालवताना लहान डब्यातून नळी थेट एसी पंपाला (इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला) द्यावी आणि जवळ अग्निशामक ठेवून दुसरा माणूस उभा करावा. वायरिंग उंदीर-घुशींनी कुरतडलेले असणार हे गृहीत धरून बॅटरी जोडण्याआधी डॅशबोर्डमागे टॉर्चचा प्रकाश टाकून पाहावे. प्लगच्या तारा १-५-४-२-६-३-७-८ या क्रमाने लावाव्यात. यातले ७ आणि ८ हे शेजारी-शेजारी असून एकापाठोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. तारा एकत्र बांधून ठेवण्याची हौस असलेल्या माणसाला हे इंजिन फटफट करून उत्तर देते.

इंजिन सुरू झाल्यावरही गाडी शेडबाहेर काढू नये. १९६६ च्या मस्टँगचे ब्रेक एकाच सर्किटवर चालतात; एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही ब्रेक जातात. फोर्डने दोन स्वतंत्र सर्किटे पुढच्याच, म्हणजे १९६७ च्या, मॉडेलपासून दिली. त्यामुळे मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि शक्य असल्यास पोलादी नळ्याही सरसकट बदलाव्यात. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकर मारून अथवा हवेच्या दाबाने उडवू नये, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, चारही बाजूंना घोड्या लावाव्यात आणि त्या फरशीवर टेकलेल्या असाव्यात, पेव्हर ब्लॉकवर नव्हे. पावसात ब्लॉक खचतात.

याच वाचकांचा दुसरा प्रश्न : चालकाच्या पायाखालचा पत्रा कुजून हात आरपार जातो. आमच्या गल्लीतला डेंटर वरून नवा पत्रा ठोकून, डांबर लावून देण्यास तयार आहे. ते पुरेसे होईल का?

उत्तर : होणार नाही. पाणी वरून येते आहे, आणि जोपर्यंत ते कोठून येते हे सापडत नाही तोपर्यंत कितीही पत्रे ठोकले तरी तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच होईल. १९६५ ते १९६८ च्या मस्टँगचे हे जुने दुखणे आहे. पुढच्या काचेखाली फटींची जाळी आहे, त्याखाली दोन पत्र्यांमध्ये एक बंद पोकळी आहे आणि आत हवा घेण्यासाठी त्या पोकळीत दोन्ही बाजूंना उभ्या कॉलरची तोंडे आहेत. शेडमध्ये गाडी उभी असली तरी शिवाजी पार्कच्या वृक्षांची बारीक पाने त्या फटींतून आत जातात, तेथे कुजतात, पाणी धरून ठेवतात आणि कॉलर तळाशी गंजून गळतात. त्यानंतर पाणी गुपचूप गालिच्याखाली उतरते. गालिचा वरून कोरडा असतो, म्हणून कोणाला काही कळत नाही.

तपासणी सोपी आहे. पुतण्याला आत, पेडलांपाशी, डोके वर करून टॉर्च घेऊन झोपवावे आणि आपण बाहेरून तांब्याने जाळीच्या एका टोकाला सावकाश पाणी ओतावे. पाणी मडगार्डमागून खाली रस्त्यावर गेले तर ठीक. ते पुतण्याच्या तोंडावर पडले तर वरचा पत्रा काढावा लागेल. त्यासाठी स्पॉट वेल्डिंगचे टाके ड्रिलने एकेक सोडवावे लागतात. ते घरी करण्यासारखे काम नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या गाडीला स्वतंत्र चॅसिस नाही; तळाचा पत्रा, दारांखालचे बंद डबे आणि पुढच्या-मागच्या रेल्स मिळूनच सांगाडा होतो. कुजलेला भाग कापण्याआधी दारांच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइपचे तिरपे आधार वेल्ड करून घ्यावेत आणि एका वेळी एकच बाजू कापावी. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या फियाटचा तळ एका गॅरेजने आधार न देता दोन्ही बाजूंनी एकदम कापला. नवा पत्रा सुबक बसला, रंगही छान झाला, आणि गाडी घोड्यांवरून खाली उतरवल्यावर मागचे दार बंद होईना. कडीपाशी बोटभर फरक पडला होता. ते दार मी पुढे सहा वर्षे दोन हातांनी उचलून लावत असे आणि पाहुण्यांना पुढच्या सीटवर बसवत असे.

नवा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असावा आणि सलग वेल्डिंग न करता एकमेकांपासून दूर टाके घेत जावे, अन्यथा उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो. गॅसच्या ज्योतीपेक्षा येथे मिग (विजेने तार वितळवून होणारे) वेल्डिंग बरे. मस्टँगच्या बाबतीत आपण सुदैवी आहात, कारण तिच्या तळाचे, रेल्सचे आणि त्या काचेखालच्या पोकळीचेही नवे तयार पत्रे अमेरिकेत आजही बनतात. आपल्या कुर्ल्यात बनलेल्या फियाटचा तळ मात्र कारागिराला हातानेच ठोकावा लागतो.

घरी काय आणि बाहेर काय, या आपल्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे : उघडणे, साफ करणे, ब्रेक, कार्बुरेटर, वायरिंग आणि इंजिनाची तपासणी घरी, कापणे, वेल्डिंग आणि रंग बाहेर. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि सोसायटीतले गॅसचे मीटर यांची गाठ पडू देऊ नये. शिवाय जेवढे भाग झाकलेल्या फडताळावर मावतील तेवढेच उघडावेत. मुंबईत अर्धवट राहिलेल्या बहुतेक जुन्या गाड्या पैशाअभावी राहिलेल्या नसतात, त्यांचे बोल्ट चार वेगवेगळ्या गोण्यांत गेलेले असतात.

प्रश्न : माझ्याकडे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. आजोबांनी तीत दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवून घेतले होते आणि तशी नोंद आरसी पुस्तकात आहे. ‘व्हीए’ मालिकेचा, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा, क्रमांक मिळू शकेल का? (गिरगाव)

उत्तर : सध्याच्या स्वरूपात मिळणे कठीण दिसते. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी अथवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते, परंतु ती मूळ स्वरूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, अशी अट आहे. आपल्या गाडीचे वय बसते, इंजिन बसत नाही. मूळचे १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन मिळवून, परिवहन कार्यालयात त्याची रीतसर नोंद करून मग अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये लागतात.

मात्र घाई करू नये. व्हीए क्रमांकाची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच ती चालवता येते. आपण पत्रात लिहिले आहे की, दर रविवारी आईला घेऊन मुंबादेवीला जाता. तसे असेल तर साधी आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करत राहणे अधिक सोयीचे आहे. मूळ इंजिनासाठी ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारावे, नंतर कुर्ल्याचा सीएसटी रस्ता पालथा घालावा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी (फियाटचाच पुढचा अवतार) टॅक्सी रस्त्यावरून गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या जिवावर जगणारा हा बाजार आता आटत चालला आहे, म्हणून इंजिन मिळाले तर ब्लॉकवरचा क्रमांक खाडाखोड केलेला नाही ना, विक्रेत्याचे कागद आहेत ना, हे पाहून लगेच घ्यावे.

प्रश्न : वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने माझ्या पद्मिनीचा कार्बुरेटर गळू लागला आहे. मिस्त्री म्हणतो, जुन्या गाड्यांचे आता काही खरे नाही. (चेंबूर)

उत्तर : मिस्त्री निराशावादी आहे. गळती बहुधा रबरामुळे आहे : इथेनॉलने जुन्या जातीचे रबर फुगते, मऊ होते आणि शेवटी चिरते. पेट्रोलच्या सर्व नळ्या, एसी पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरची पॅकिंगे इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीची घेतल्यास हा त्रास थांबतो.

दुसरी बाब मिश्रणाची. एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते. त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बुरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) वीस टक्क्यांचे पेट्रोल घातले की मिश्रण पातळ पडते. प्लगचे टोक पांढरट दिसते, चढावर गाडी अडखळते आणि इंजिन तापते. मेन जेट एक पायरी मोठा लावून पाहावा आणि पुन्हा प्लग काढून रंग पाहावा. तिसरी बाब खास आपल्या हवेची आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि प्रमाणाबाहेर पाणी मिसळले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. म्हणून जूनपासून गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करावी. पाव टाकी पेट्रोल हा सर्वांत वाईट पर्याय. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले तेव्हाही याच गाड्यांचे मरण ठरवून टाकण्यात आले होते.

प्रश्न : जुलै महिन्यात सुट्टी आहे. घराच्या मागच्या अंगणात गाडीला रंग मारू का? (बोरिवली)

उत्तर : नाही. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, उघडा पत्रा संध्याकाळपर्यंत लालसर होतो आणि पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषून वर्षभराने फुगते. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगातील आयसोसायनेट हे घातक रसायन तर साध्या मास्कने अडत नाही. सुट्टीत जुनी पुट्टी खरवडून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारून ठेवावा, पुट्टी त्याच्यावर लावावी, आणि रंगासाठी डिसेंबरमध्ये बंद बूथ असलेली जागा पाहावी.

प्रश्न : माझ्या दिवंगत यजमानांची पद्मिनी मी स्वतः चालवते. स्टिअरिंगवरचा गिअर पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना मध्येच अडकतो. गॅरेजवाले गिअरबॉक्स उतरवण्याचे बारा हजार सांगतात. मी बाई असल्यामुळे मला फसवत आहेत का? (लालबाग)

उत्तर : फसवत असतील किंवा नसतीलही, परंतु गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक तपासणी आपण फुकट करू शकता. स्टिअरिंगवरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन-तीन लांब सळया आणि लहान लिव्हर आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक सांध्यात एक बुश (झीज सोसणारी छोटी कडी) असतो. बुश झिजले की सळया आपल्या जागी परत येत नाहीत आणि दोन गिअरांच्या मधोमध अडकतात. इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, मुलीला किंवा शेजारणीला गिअर सावकाश हलवायला सांगावे आणि आपण बॉनेट उघडून सळयांकडे पाहावे. दांडा हलल्यानंतर सळई क्षणभर उशिरा हलत असेल किंवा सांधा आधी वर-खाली डुलत असेल, तर दोष तेथेच आहे. सांधा बोटांत धरून हलवल्यास खटखट जाणवेल.

याच वेळी गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग बसले आहे का, हेही वाकून पाहावे. ते बसल्यास बॉक्स खाली झुकतो आणि सळयांचे माप बिघडते. बुश आणि माउंटिंग बदलूनही दुसरा गिअर अडकला, किंवा गिअर टाकताना आतून दात घासल्याचा आवाज आला, तरच बॉक्स उतरवण्याचा विचार करावा. तूर्त गिअर अडकल्यास बॉनेट उघडून दोन्ही लिव्हर हाताने एका रेषेत आणावेत म्हणजे तो सुटेल. आपल्या यजमानांच्या हत्यारांच्या पेटीत १३ नंबरचा पाना असेलच; तो गाडीतच ठेवावा.